लाल पारा नाही हो त्यात!

‘जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, काळी शिलाई मशीन घरात पडून आहे? पार्ट आता जगात कुठंच मिळत नाहीत. पण आत लाल पारा असतो, ग्रॅमला लाखो रुपये! तपासणी फी भरा, पार्टी घरी येईल.’ हा मेसेज कोल्हापुरातल्या एकूण एक ग्रुपवर फिरून गेलाय. मी सोडून देत होतो. पण आमच्या गारगोटीच्या दाजींनी त्यापायी माझ्या वडिलांचा मर्फी रेडिओ उघडला आणि पकडीनं आतले दोन व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, फोडले. आता मात्र बोलतोच.

मेसेजवाले म्हणतात तसा लाल पारा नावाचा पदार्थच नाही. पारा चांदीसारखा दिसतो. लाल असतो तो हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, त्याला ग्रॅमला लाख रुपये कोण देत नाही. बरं, ही थापही आपली नाही, उसनी आहे. एप्रिल 2009 मध्ये सौदी अरेबियात सिंगरच्या जुन्या मशिनींबद्दल हीच अफवा उठली होती. एकेका मशिनीला 2 लाख रियालपर्यंत भाव गेल्याच्या बातम्या आल्या, पोलिसांना तपास करावा लागला. परीक्षा काय, तर सुईजवळ मोबाईल धरायचा. लाईन कट झाली की पारा आहे! आपल्या मेसेजात मोबाईलच्या जागी लसूण आलाय. लसूण जवळ नेला की पारा लांब पळतो म्हणे. पारा आहे का हडळ?

मग व्हॉल्व्हच्या डोक्यावर चकाकतं ते काय? बेरियमचा थर. आत उरलीसुरली हवा शोषून घ्यायला तो कारखान्यातच दिलेला असतो. काच फुटली की हवा लागून पांढरा पडतो. दाजींना ‘पावडर’ सापडली ती हीच.

एवढं मान्य करतो की पाऱ्याची वाफ भरलेले रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे) व्हॉल्व्ह खरंच होते, चालू असताना निळे दिसायचे. पण ते मुख्यतः ट्रान्समीटरसारख्या मोठ्या यंत्रांत. आणि तो पाराही साधाच, वर विषारी. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला तर हातच लावू नका. निर्वात असते, फुटली तर काच अंगावर येते.

पार्ट मिळत नाहीत, हे अर्धं खरं. आयएफटी (रेडिओतलं सिग्नलचं छोटं ट्रान्सफॉर्मर), बँडस्विच, डायलची काच यांना दुसरा मेलेला सेटच शोधावा लागतो. पण ईएल 84 व्हॉल्व्ह स्लोव्हाकियात आजही नवा बनतो, गिटारच्या अँप्लिफायरला लागतो म्हणून. ईसीएच 81 नवा बनत नाही, तरी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं काढलेला जुना माल अजून निघतो. आणि बऱ्याच सेटांत व्हॉल्व्ह गेलेलाच नसतो, कंडेन्सर गेलेला असतो. घूं घूं आवाज आला की फिल्टर कंडेन्सर बघा. किरकोळ खर्चाचं काम. काळ्या मशिनींचं तर विचारूच नका. बहुतेक देशी मशिनी सिंगरच्या 15 नंबर मॉडेलच्या साच्यावरच्या, बॉबिन केस कुठल्याही मशिनीच्या दुकानात मिळते. झिजलेला बुश (दांडा फिरतो ती धातूची नळी) असेल तर नमुना घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा, लेथवर करून देतात.

तपासणी फी कुणी भरली असेल तर सरळ पोलिसांत जा.

आणि दाजी, मागचा पुठ्ठा फेकू नका. कुठल्या सॉकेटला कुठला व्हॉल्व्ह, ते बऱ्याच सेटांत त्याच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. फोटो काढून पाठवा.