उघडच आहे!

गणितात पदवी घेतोय असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘बाप रे’ म्हणून दोन पावलं मागे सरकतो, नाहीतर ‘मग सांग बघू, सतरा गुणिले तेवीस किती?’ म्हणत दोन पावलं पुढे येतो. आमचे काका दुसऱ्या पंथाचे. मी खिशातून मोबाइल काढून हिशेब केला आणि तेव्हापासून घरात माझ्या शिक्षणाचा विषय हळू आवाजात निघतो. आता त्यांना कसं सांगू, की गेल्या सहामाहीत आमच्या फळ्यावर आलेला सर्वांत मोठा आकडा दोन होता, आणि तोही एप्सिलॉनला, म्हणजे हवी तेवढी लहान घेता येणाऱ्या संख्येला, भागण्यापुरता!

आमचं विद्यापीठ सरकारी. म्हणजे फी कमी, भिंती जाड आणि माइक असून नसल्यासारखा. पहिल्या वर्षी वर्गात एकशेवीस जण होतो, जागा धरायला बाकावर वह्या टाकाव्या लागत. दुसऱ्या वर्षी सत्तेचाळीस. तिसऱ्या वर्षी अकरा. अभिसारी क्रमिका, म्हणजे एका सीमेच्या जवळ जवळ जात राहणारी आकड्यांची रांग, शिकवायला सरांना वेगळं उदाहरण शोधावं लागलं नाही. तिची सीमा शून्य निघू नये, एवढीच विभागाची प्रार्थना.

सर उजव्या हाताने लिहितात आणि डाव्या हातातल्या डस्टरने पुसत येतात. दोन हातांमधलं अंतर साधारण दीड ओळ. त्या दीड ओळीत जे सापडेल ते आपलं. शिवाय सरांच्या अक्षरात एप्सिलॉन, ‘चा घटक आहे’ हे चिन्ह आणि तीनचा आकडा हे तिळे भाऊ आहेत. माझ्या वहीत एके ठिकाणी ‘तीन कितीही लहान घेतला तरी’ असं वाक्य आहे. ते मी इमानेइतबारे पाठही केलं होतं.

पण यातल्या कशाचंच मला फारसं दुःख नाही. मला छळलं ते एका शब्दाने: ‘उघडच’.

मला जे ढळढळीत दिसतं त्याची सिद्धता मागायची, आणि मला जे अजिबात दिसत नाही ते ‘उघडच आहे’ म्हणून पुसून टाकायचं, हा या शास्त्राचा खाक्या. पेन न उचलता रेघ आडव्या अक्षाच्या खालून वर नेली, तर ती अक्षाला कुठेतरी छेदणारच ना? नाही. आधी सिद्ध करा. बोल्झानो या गणितज्ञाने १८१७ साली सिद्धता दिली आणि दोनशे वर्षांनी ती माझ्या पेपरात दहा मार्कांना आली. स्वतःला न छेदणारं बंद वेटोळं कागदावर काढलं की कागदाचे दोन भाग होतात, एक आतला आणि एक बाहेरचा. कुंपणातल्या कुठल्याही बकरीला हे ठाऊक असतं. तरी जॉर्डनने १८८७ साली त्याची सिद्धता दिली, ती बऱ्याच जणांना अपुरी वाटली, म्हणून वेब्लेनने १९०५ मध्ये पुन्हा दिली. रसेल आणि व्हाइटहेड तर १९१० साली आपल्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ३७९व्या पानापर्यंत आले आणि म्हणाले, यावरून पुढे एक अधिक एक बरोबर दोन हे निघेल. पुढे का? तर बेरजेची व्याख्या अजून व्हायची होती! (माझ्या मोबाइलवरच्या हिशेबाला हसणाऱ्या काकांना हे पान एकदा दाखवायचं आहे.)

हा संशयी स्वभाव उगाच आलेला नाही, हेही मान्य. सलग रेघेला कुठे ना कुठे तरी स्पर्शिका काढता येईलच, असं भल्याभल्यांना वाटत होतं. वायरस्ट्रासने १८७२ साली असं फल (फंक्शन) पुढे केलं, जे सगळीकडे सलग आणि विकलनीय, म्हणजे स्पर्शिका काढता येईल असं, मात्र एकाही बिंदूवर नाही. त्या दिवसापासून डोळ्यांवर विश्वास ठेवणं बंद झालं. रेषाखंडात जेवढे बिंदू तेवढेच अख्ख्या चौरसात, हे सिद्ध केल्यावर खुद्द कँटरने १८७७ साली गणितज्ञ डेडेकिंडला लिहिलं की मला हे दिसतंय, पण माझा विश्वास बसत नाही. माझं नेमकं उलट होतं. परीक्षेला येणार म्हटल्यावर विश्वास लगेच बसायचा. दिसत काही नव्हतं.

शेवटी मी बंड केलं. बोल्झानोच्या प्रश्नाखाली सुबक आलेख काढला आणि लिहिलं, ‘आकृतीवरून उघडच आहे.’ पेपर परत मिळाला तेव्हा दहापैकी शून्य, आणि शेजारी लाल शाईत एकच शब्द: ‘कसं?’ त्यातल्या ‘क’ची शेपटी लांबलचक, आणि प्रश्नचिन्हाचा टिंब ओळीच्या पार खाली गेलेला.

मग ग्रंथालय गाठलं. विश्लेषणाचं, म्हणजे सीमा आणि सलगपणा शिकवणाऱ्या शाखेचं, पुस्तक अख्ख्या विभागात एकच. कणा सुटलेला, पट्टीने चिकटवलेला. मी अडलो होतो एकसमान सांतत्याच्या (सगळीकडे सारख्याच मापाच्या सलगपणाच्या) प्रमेयात. त्यात एक्स आणि वाय अशा दोन क्रमिका घेतात, दोघींमधलं अंतर घटत शून्याकडे जातं, एक्सची एक उपक्रमिका (तिच्यातलीच निवडक पदं) एका बिंदूकडे जाते आणि वायचीही त्याच क्रमांकांची पदं त्याच बिंदूकडे जातात. हे शेवटचं का, तर पुस्तक म्हणतं, ‘उघड आहे.’

समासात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘कसं?’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मलाही नाही कळलं.’ त्याखाली, ‘पान २१४ बघ.’ मी २१४ काढलं. तिथे लिहिलं होतं, ‘११२वर सांगितलंय ना!’ मी ११२वरच होतो की आधी. पुन्हा परतलो, तेव्हा अगदी तळाशी, पानाच्या दुमडलेल्या कोपऱ्याआड, बारीक अक्षरात सापडलं: ‘दोघं हात धरून चाललेत. हात आखडत चाललाय. एक पोचला की दुसरा कुठे जाणार?’

दोन रात्री जे दिसत नव्हतं ते एका ओळीत दिसलं. इतकं, की आता ते कधी दिसत नव्हतं हेच मला आठवेना. मी खूश होऊन पुस्तक मिटणार, एवढ्यात नजर पुन्हा वर गेली. सगळ्यांत जुना, पुसट झालेला तो ‘कसं?’ ‘क’ची शेपटी लांबलचक. टिंब ओळीच्या पार खाली.

पुस्तक घेऊन मी थेट सरांच्या खोलीत गेलो. ११२वं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणालो, “सर, ही पायरी समजावून सांगता का?”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. पानाकडे पाहिलं, मग समासाकडे पाहिलं. समासाकडे बराच वेळ पाहिलं. अंगठ्याने तो पुसट शब्द हलकेच घासून बघितला. तो काही गेला नाही.

“पुस्तकात लिहू नये,” सर म्हणाले.