मोबाइलला न्हाणीत नेऊ नका

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घरात फडक्यातून काही सुटत नाही. समया चिंचेने लखलखतात, गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या माटोळीची चौकट पुसून निघते आणि तेच ओलं फडकं मोबाइल, लॅपटॉप, रिमोटकडे वळतं. माझी तक्रार स्वच्छतेबद्दल नाही, पाण्याबद्दल आहे. कळशीभर पाणी ओतल्याशिवाय वस्तू शुद्ध झाल्याचं समाधान आपल्याला मिळत नाही.

वर युक्तिवाद तयार असतो: "अरे, वॉटरप्रूफ आहे ना तो!" आयपी ६८ ही पाणी-धूळ रोखण्याची चाचणी नव्याकोऱ्या फोनची, गोड्या पाण्यात, ठरलेल्या खोलीवर आणि ठरलेल्या वेळेपुरती होते. मिरामारच्या समुद्राचं खारं पाणी आणि भांड्यांचा साबण त्यात धरलेला नसतो. शिवाय आतली रबरी सीलं काळानुरूप ढिली पडतात, आणि पाणी आत गेलं की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात झटकते.

जंतू मारायचे तर चांगलं औषध म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. गोव्यात यावर पुढचा प्रश्न ठरलेला: फेणी चालेल का? काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फोन पुसण्यासाठी नव्हे. तिच्यात अल्कोहोल चाळिशीच्या थोडं वर आणि जंतूंना निदान ६० टक्के लागतं. काजूच्या पहिल्या धारेच्या, त्याहून हलक्या हुर्राकाचं तर नावच नको. फेणीने पुसलेला फोन निर्जंतुक होत नाही, फक्त तो कानाला लावणाऱ्यावर घरच्यांचा संशय जातो.

उलट काही जण हट्टाने ९९ टक्क्यांची बाटली आणतात. जास्त कडक म्हणजे जास्त गुणकारी, हे मिरचीलाही लागू नाही. शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं, आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी हवंच असतं. म्हणून ७० मिली अल्कोहोलात ३० मिली बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घालावं. विहिरीचं पाणी नको, क्षारांचे डाग राहतात. बाटलीवर ठळक नाव लिहून ती गॅस आणि समईपासून लांब ठेवावी. नाव लिहायला विसरू नका. आपल्याकडे पारदर्शक द्रव असलेल्या बाटलीचा वास घेणारे पाहुणे फार.

हँड सॅनिटायझरची जेल मात्र नको, त्यातल्या ग्लिसरिनने पडदा चिकट होतो. ब्लीच तर दूरच, त्याने धातू गंजतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन प्लास्टिकच विरघळवतं.

आता कृती. फोन बंद, चार्जर काढलेला, कव्हर उतरवलेलं. समुद्रावरून आला असाल तर आधी फडकं लावूच नका. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा ७, पडद्याच्या काचेचा ६ च्या आसपास. घासलं की ओरखडा पक्का. रबरी फुंकणीने वाळू उडवा. मग किंचित दमट मायक्रोफायबर कापडाने तेलकटपणा काढा, कारण बांगड्याच्या हुमणाचा थर असेल तर अल्कोहोल त्यावरच अडकतं. त्यानंतर अल्कोहोलचे आठ-दहा थेंब कापडावर घ्यायचे, फोनवर कधीच फवारायचे नाहीत. पुसलेला भाग अर्धा मिनिट तरी ओलसर दिसला पाहिजे. हे रोज करू नये; बोटांचे ठसे न उमटू देणारा पडद्यावरचा लेप त्याने झिजतो.

कव्हर साबणाच्या पाण्याने खुशाल धुवा. पारदर्शक कव्हराचा पिवळेपणा मात्र मळ नसतो, ते प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने म्हातारं झालेलं असतं. ब्रशने घासघासून कुणी तरुण झाल्याचं ऐकिवात नाही.

चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस दाबून बसतो, पिन पुरती आत जात नाही आणि बिचाऱ्या चार्जरला दोष लागतो. तिथे केसांची पिन घालायची नाही. टाइप-सीच्या मधोमध एक बारीक जीभ असते, सगळे संपर्क तिच्यावर असतात. ती वाकली की खेळ खलास. लाकडी टूथपिक चपटी करून, जिभेला न लावता, कडेच्या भिंतीलगत हलकेच फिरवावी. निघतो तो गोळा पाहून घरातले सगळे जमतात.

लॅपटॉप बंद करून वाकडा धरायचा आणि कळांवर हवा मारायची. पंख्यात हवा मारताना पातं टूथपिकने अडवा, नाहीतर ते नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं. मॅट पडद्याला अल्कोहोल नको, डिस्टिल्ड पाण्याने दमट केलेलं कापड पुरे.

आणि पाणी गेलंच, तर फोन तांदळात पुरू नये. मग उकडा की सुरय, हा वादही मिटतो. तांदळाचे बारीक कण भोकात जातात. अ‍ॅपलनेही हे करू नका म्हणून लिहिलं आहे. भोक खाली करून हातावर हलके ठोका आणि वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात अशी जागा शोधणं हाच खरा व्यायाम.

राहिला रिमोट, घरातली सर्वांत जास्त हातांची वस्तू. सेल पाझरून पांढरा थर धरला असेल तर आधी सेलवर काय लिहिलंय ते वाचा. अल्कलाइन असेल तर थर अल्कधर्मी, कापसाच्या काडीने माडाच्या व्हिनेगरचा थेंब लावा. साधा झिंक-कार्बन असेल तर तो आम्ल, तिथे खायचा सोडा. मग अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. हे सगळं करायला रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी काढावी लागते. टीव्ही बदलला तरी न बदललेली ती पिशवी कोणी काढायची, हे मात्र आपापल्या घरात ज्येष्ठांच्या संमतीने ठरवून घ्यावं.