लाभ, दोन, तीन

घरात डी.एड. झालेला, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास झालेला आणि भरतीची वाट बघणारा माणूस असला की त्याच्या वाट्याला दोनच कामं येतात. गॅसचा नंबर लावणं आणि लहान पोरांचा अभ्यास घेणं. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात तरी हाच रिवाज आहे. कापूस वेचायला माणूस शोधूनही सापडत नाही, पण भरतीची वाट बघणारा मास्तर प्रत्येक गल्लीत सापडतो. त्यामुळे वहिनीने साडेचार वर्षांचा पुतण्या माझ्यासमोर आणून बसवला आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, ह्याला मोजता येत नाही. तुमचंच शिक्षण ना हे?’’ तेव्हा नाही म्हणायला जागाच नव्हती.

खरं म्हणजे पुतण्याला एक ते पन्नास येतात. पाहुणे आले की आई त्याला ओट्यावर उभं करते आणि तो भुसावळहून सुटलेल्या मेलगाडीसारखा एका दमात पन्नास गाठतो. सोळा आणि एकोणतीस या बारक्या स्टेशनांवर गाडी थांबत नाही, पण पाहुण्यांना त्याचं काही नसतं. त्यांचं लक्ष चहाकडे. ‘‘हुशार आहे हो!’’ म्हणतात आणि दहाची नोट देतात. ती नोट किती रुपयांची, हे मात्र पोराला सांगता येत नाही.

म्हणजे म्हणता येतं, मोजता येत नाही. हा फरक मला तोंडपाठ आहे. टीईटीच्या पेपरात बालमानसशास्त्राला 30 गुण असतात. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली मोजण्याची पाच तत्त्वं सांगितली, ती मी झोपेतही सांगेन. तेव्हा म्हटलं, हे काम अर्ध्या तासाचं.

दादाने जळगावहून मेहरूणची बोरं आणली होती. त्यातली सात मी सतरंजीवर ओळीने मांडली. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, दगड असं आसपास मिळणारंच सामान वापरलं. तोच आदर्श माझ्यासमोर होता. फक्त शिंपले आणि दगड कोणी खात नाही, ही त्यांच्या पद्धतीतली मोठी सोय मला नंतर दिसली.

‘‘मोज.’’

पुतण्याने पहिल्या बोरावर बोट टेकवलं. ‘‘एक.’’ बोट उचलून दुसऱ्यावर न्यायच्या आत तोंड ‘दोन, तीन’ करून मोकळं. तिसऱ्या बोराला किडीचं भोक होतं. बोट तिथेच अडकलं, कारण आत कोण राहतं हे बघणं आलं. तोंड मात्र कामाला लागलेलंच, ‘चार, पाच, सहा.’ मग बोटाच्या लक्षात आलं की आपण मागे पडलोय, आणि ते चौथ्या-पाचव्यावरून एकदम उडी मारून शेवटच्या बोरावर गेलं. तिथे तोंडाने आणखी पाच आकडे म्हणून घेतले. सात बोरं अकरा झाली. उलट्या दिशेने मोजली तर पाच भरली. एका वस्तूला एकच आकडा, हे पहिलं तत्त्व. ते बोट आणि तोंड या दोघांनी मिळून पाळायचं असतं, आणि आमच्याकडे त्या दोघांचं बोलणं बंद होतं.

मी त्याचं बोट धरून सातही बोरं मोजून घेतली. सात म्हणताना तो बरोबर शेवटच्या बोरावर होता. मला धन्य वाटलं.

‘‘शाब्बास! मग बोरं किती?’’

‘‘एक, दोन, तीन...’’

‘‘हो, पण सगळी मिळून किती?’’

‘‘एक, दोन, तीन...’’

मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे परीक्षेतलं लाडकं तत्त्व. पोराच्या दृष्टीने मात्र ‘किती’ हा प्रश्न नसून मोजायचा हुकूम आहे. मी विचारायचो, तो मोजायचा. आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, त्यामुळे कोणीच थांबेना. शेवटी देवघरातून आई आपल्या अहिराणीत ओरडली, ‘‘पोऱ्याले खाऊ दे रे. मोजीसन काय करानं शे?’’ तेवढी परवानगी पुरली. बेरजेच्या आधीच वजाबाकी सुरू झाली. मी घाईघाईने धोरण बदललं आणि बिया मोजायचं ठरवलं. बिया सहाच निघाल्या. सातवी कुठे गेली यावर घरात जे काही झालं ते मी लिहीत नाही. आई रात्रभर त्याचं पोट चोळत होती आणि पोटातून बोराचं झाड उगवणार म्हणून तो स्वतः भलताच खुशीत होता.

मग केळी. आमच्याकडे केळ्यांना काय तोटा! जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं. हा चालू घडामोडींचा प्रश्न माझा कधी चुकला नाही. पण केळ्याची फणी मोजायला देऊ नये, असं कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही. केळी फणीला चिकटलेली, दोन रांगांत, एकमेकांच्या आड दडलेली. मोजलेलं बाजूला सारायची सोय नाही. पुतण्या या बाजूने सुरू करायचा, फणी फिरवत फिरवत पुन्हा पहिल्या केळ्यावर यायचा आणि न थांबता पुढच्या फेरीला लागायचा. चौतीसपर्यंत पोचलेला मी स्वतः पाहिलाय. त्यावर आईने उपाय काढला. पहिल्या केळ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाली, कुंकू दिसलं की थांबायचं. मोजणी बरोबर आली! चौदा. पण कुंकू लागलेली फणी देवाची झाली. नैवेद्य दाखवल्याशिवाय तिला हात लावायचा नाही म्हटल्यावर पुतण्याने जो भोकाड पसरला, तो थेट मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेला. गणितात रडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. उत्तर बरोबर आलं म्हणून रडलेला हा एकटाच.

आता खाण्याची वस्तू नको, असं ठरवून मी कापसातली सरकी घेतली. सहा-सहाच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या. हा बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा नावाजलेला प्रयोग. दोन्हीकडे सारख्याच आहेत हे पोराने कबूल केलं की एक रांग ताणून लांब करायची आणि पुन्हा विचारायचं. साधारण सात वर्षांच्या आतलं मूल म्हणतं, लांब रांगेत जास्त. पुतण्या अगदी पुस्तकाबरहुकूम म्हणाला, ‘‘हिच्यात जास्त.’’

मी मनात म्हटलं, वा! तेवढ्यात झोक्यावरून आबा म्हणाले, ‘‘बरोबर बोलतोय तो.’’

‘‘आबा, दोन्हीकडे सहाच आहेत.’’

‘‘सहाच असू दे. अंतर मोकळं ठेवलं की झाडाला बोंडं जास्त लागतात. तू कधी शेतात आला असतास तर कळलं असतं.’’

यावर पियाजे काय म्हणाले असते माहीत नाही. मी गप्प बसलो. पण 1967 साली मेलर आणि बीव्हर या संशोधकांनी असाच प्रयोग गोळ्या-चॉकलेटं मांडून केला होता, ते मला आठवलं. त्यात आखूड रांगेत गोळ्या जास्त होत्या, आणि अगदी लहानग्यांनीही खायला घ्यायची वेळ आली तेव्हा पुष्कळदा तीच रांग उचलली. मीही किराण्याच्या दुकानातून रंगीत गोळ्या आणल्या. चार लांब-लांब, सहा खेटून. ‘‘कोणती रांग तुला?’’ पोराने विचार म्हणून केला नाही. सहाची रांग मुठीत, मूठ तोंडात. संख्येची जाण उपजतच उत्तम आहे. फक्त ती दाखवण्यात त्याचा फायदा असावा लागतो. हे व्यवहारज्ञान त्याने आबांकडून घेतलं असणार, माझ्याकडून तर नक्की नाही.

आबांकडून त्याने आणखी एक गोष्ट घेतली. कोठीतली दादर ज्वारी एका नातलगाला द्यायची होती. आबा जुन्या पायलीने मापत होते आणि पुतण्या शेजारी पोत्याचं तोंड धरून उभा. पहिली पायली ओतताना आबांनी आवाज दिला, ‘‘लाभ!’’ मग ‘‘दोन! तीन!’’ जुने लोक धान्य मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ज्याच्या पदरात पडतं त्याचं भलं व्हावं म्हणून. पुतण्याला ते इतकं आवडलं की एक हा आकडा त्याने कायमचा सोडून दिला. आणि गंमत अशी की पोत्यात पडणारी प्रत्येक पायली त्याने आबांबरोबर अचूक मोजली. एकही आकडा वाया गेला नाही, कारण आबा पायली भरून ओतेपर्यंत तोंडाला थांबण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. माझी सात बोरं एका जागी गुमान पडून होती, हीच त्यांची अडचण असावी.

हे सगळं इतपत जमत आलं होतं, तोच बालवाडीच्या ग्रुपवर निरोप आला. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत वाचता आणि साधं गणित करता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. ते चांगलंच आहे. पण ते आमच्या घरापर्यंत पोचेस्तोवर त्याचं रूप असं झालं: ‘पालकांनी मुलांकडून वस्तू मोजून घ्याव्यात व व्हिडिओ आज रात्री नऊपर्यंत पाठवावा.’

वहिनीने मोबाइल धरला. ‘‘मोज रे बाळा.’’

‘‘लाभ, दोन...’’

‘‘एक म्हण, एक!’’

‘‘लाभ.’’

कॅमेऱ्यापुढे त्याने दुसरा शब्द काढला नाही. धाक दाखवून झाला, लाडीगोडी झाली. तोवर जेवायची वेळ झाली. भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत होता. वहिनी कंटाळून म्हणाली, ‘‘जा, निदान ताटं तरी मांड.’’ मोबाइल मात्र तिने चालूच ठेवला.

पुतण्या स्वयंपाकघरातून एक-एक ताट छातीशी धरून आणायला लागला. ‘‘हे आबांचं.’’ परत आत. ‘‘हे आजीचं.’’ परत आत. पप्पांचं, मम्मीचं, काकाचं. मग स्वतःचं, पाटासकट. सगळे बसले, तरी तो पुन्हा आत गेला आणि एक ताट आणून भिंतीकडेच्या मोकळ्या जागी ठेवलं. ‘‘हे आत्याचं.’’ आत्या मागच्या अंगणात काड्यांवर शेवटची वांगी भाजत होती. माणसं सात, ताटं सात. तोंडातून एकही आकडा नाही.

तेवढाच व्हिडिओ होता, तोच वहिनीने पाठवला. पहिला घास घ्यायच्या आत मॅडमचं उत्तर आलं. ‘छान! पण अंक ऐकू येत नाहीत. कृपया पुन्हा पाठवा.’

वहिनीने मोबाइल माझ्याकडे सरकवला. मी आबांकडे बघितलं, आबा भरतात तेल ओतण्यात गुंतले होते. आईने भाकरी मोडता मोडता विचारलं, काय म्हणते ती? मी वाचून दाखवलं.

‘‘त्या मॅडमले सांग,’’ आई म्हणाली, ‘‘जेवाले ये, अन ताटं तूच मोजी ले.’’