बॉक्स आवळला म्हणजे स्टिअरिंग दुरुस्त होत नाही

घोडबंदर रस्त्यावर आपण स्टिअरिंग फिरवायचे आणि गाडीने जरा विचार करून मग वळायचे, हा प्रकार शेजारून कंटेनर जात असताना किती जीवघेणा असतो, हे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार चालवणाऱ्यालाच विचारावे. परंतु माझा संताप गाडीवर नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे, तेव्हा झीज ही व्हायचीच. संताप आहे तो स्टिअरिंगला प्ले, म्हणजे चाके न वळता होणारा मोकळा फेर, आहे एवढे ऐकताच गाडीखाली न पाहता, बॉनेट उघडून थेट स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचा फेर दात्यांमार्फत चाकांकडे पोहोचवणारी पेटी, आवळणाऱ्या मंडळींवर.

चाक सरळ असताना बॉक्सचे दाते सर्वाधिक झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत बॉक्स आवळला, तर वळणावर, जिथे दाते फारसे झिजलेले नसतात, तिथे तो घट्ट होतो आणि वळल्यानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले आहे. पूर्वी ती उशिरा वळत असे. आता वळली की सरळ होत नाही, आणि या पराक्रमाचे पैसेही मीच मोजले.

वास्तविक दोष शोधायला दोन माणसे आणि थोडा वेळ पुरतो. गाडी चारही चाकांवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग डावीउजवीकडे थोडे थोडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), आयडलर (दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार) आणि प्रत्येक टाय रॉड एंड (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) पाहायचा. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तो सांधा गेलेला. बॉक्स चासीला धरणारे बोल्टही तेव्हाच तपासायचे. मग पुढचे चाक जॅकवर उचलून, वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवायचे आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग सैल आहे, न थांबल्यास बहुधा किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ. एवढे झाल्यावरच बॉक्सला हात लावायचा. याऐवजी मला अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, घ्या असा सल्ला मिळाला, जणू सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत तरी टिकणार आहे! (एकाने तर सीटला नवे रेक्झिन लावण्याची तयारी दाखवली.)

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 प्रमाणे स्टिअरिंगचा मोकळा फेर 30 अंशांहून अधिक असता कामा नये आणि सांध्यांवर रबरी टोपी असलीच पाहिजे. माझ्या गाडीच्या उजव्या टाय रॉड एंडची टोपी फाटून आत धूळ शिरली होती आणि तो सांधा हातानेसुद्धा खुळखुळत होता. हे वागळे इस्टेटमधल्या त्या गॅरेजमध्ये मला स्वतः जमिनीवर आडवे पडून दाखवावे लागले. एंड बदलताच प्ले जवळजवळ गेला. आता विनाकारण आवळलेला बॉक्स पुन्हा योग्य इतका सैल करून देण्यासाठी त्याच गॅरेजने माझ्याकडे वेगळी मजुरी मागितली आहे.