गल्ली रिकामी नसते

मॅपला गल्ली रिकामी दिसली म्हणून ती रिकामी नसते. आज एक आजी काठी टेकत गल्ली ओलांडत होत्या. मागे गाडी, सलग हॉर्न, आणि मग काच खाली करून ओरडणं: "अहो, मॅप इकडूनच दाखवतोय!" मॅपने दाखवलं की वाट आपली, आणि तिथे राहणाऱ्यांनी बाजूला व्हायचं. दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

मॅपवरचा लाल-हिरवा रंग येतो कुठून? चालत्या गाड्यांतल्या फोनमधून. प्रत्येक फोन आपली जागा आणि वेग कळवत असतो. ती जागा जवळच्या रस्त्याला चिकटवली जाते, त्या तुकड्यावरचा सरासरी वेग निघतो आणि तुकड्याची किंमत सेकंदांत ठरते. मग सगळ्यात कमी सेकंदांची वाट शोधायची. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने १९५९ मध्ये छापलेली सर्वात कमी खर्चाची वाट शोधायची पद्धत आजही या हिशोबाच्या मुळाशी आहे. या सेकंदांत शाळेचं फाटक नाही, आजारी माणसाची खिडकी नाही, काठी तर नाहीच.

एका जागी पडलेले फोन आणि पायी चालणाऱ्यांचे फोन गाड्यांच्या वेगात मिसळू नयेत, म्हणून ते गाळण्याचा प्रयत्न होतो. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, मान्य. पण परिणाम बघा. दारात बसलेला माणूस, खेळणारं मूल, त्या आजी, यांची नोंद म्हणजे कचरा. लोक तिथे राहतात, गाड्या पळवत नाहीत, म्हणून गल्ली मोकळी दिसते. आणि मोकळी दिसते म्हणून गाड्या तिथे सोडल्या जातात. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीत ९९ फोन घालून ती रस्त्यावरून ओढली. रिकामा रस्ता मॅपवर लाल झाला! वाहनासारखे दिसणारे फोन असले की रस्ता 'भरतो'. माणसांनी तो भरत नाही.

बरं, निदान गाडीवाल्याचा तरी फायदा होतो का? गल्लीच्या तोंडाशी सिग्नल आहे असं धरा. पूर्ण चक्र १२० सेकंदांचं आणि गल्लीला हिरवा १२ सेकंद, कारण ती आखली तेव्हा तिथून मोजक्याच गाड्या निघायच्या. सुरुवातीचे दोनेक सेकंद हलण्यातच जातात, पुढे एका गाडीला साधारण दोन सेकंद. म्हणजे एका चक्रात पाच गाड्या, तासाला १५०. अ‍ॅपने तासाला ३०० पाठवल्या तर दर चक्राला पाच मागे उरतात. रांगेत एका गाडीला सहा मीटर धरले तर दहा मिनिटांत दीडशे मीटरची गल्ली ठासून भरते आणि शेपूट मागच्या हमरस्त्यावर येतं. ज्या कोंडीतून सुटायला आत शिरलात, तीच आता तुम्ही वाढवलीत.

हे आज कळलेलं नाही. वाहतुकीचा अभ्यासक वॉर्ड्रॉप याने १९५२ मध्ये मांडलं होतं की प्रत्येकाला सगळ्या वाटांचा वेळ ठाऊक असेल तर कोणालाच वाट बदलून फायदा उरत नाही, अशा ठिकाणी वाहतूक स्थिरावते; आणि ती स्थिती सर्वांसाठी सर्वोत्तम असेलच असं नाही. १९६८ मध्ये ब्राएस या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की नवा जोडरस्ता दिल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. पाठ्यपुस्तकी उदाहरणात ४००० गाड्यांना प्रत्येकी ६५ मिनिटं लागतात. मधे पार करायला वेळच लागत नाही असा जोडरस्ता उघडला की ८०. सगळ्या वाटा ठाऊक असलेला चालक तेव्हा कागदावरचं गृहीतक होता. अ‍ॅपने त्याला खऱ्या रस्त्यावर उतरवलं आणि प्रत्येक बोळ त्याच्यासाठी जोडरस्ता करून टाकला. त्याच १९६८ मध्ये हेन्री लफेव्र हा फ्रेंच विचारवंत शहरावरच्या हक्काबद्दल लिहीत होता: शहर कसं घडावं, हे त्यात राहणाऱ्यांनी ठरवायचं. आज ते ठरवणाऱ्या हिशोबात राहणारे मोजलेच जात नाहीत, याचा मला मनापासून संताप येतो.

आणि नुकसान फक्त आवाजाचं, धुराचं नाही. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन रस्ते ताडून पाहिले होते. दिवसाला सुमारे २००० गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. सुमारे १६००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९. एकही धड नाही!

हो, परक्या शहरात रात्री मॅपचा आधार वाटतो. रुग्णवाहिकेलाही लवकरची वाट हवी. नाकारत नाही.

त्या गाडीवाल्यावरचा राग मात्र लिहिता लिहिता निवळला. त्यालाही कुठेतरी वेळेत पोचायचं असणार, आणि पडद्यावर त्याला आजी दिसल्याच नव्हत्या; दिसली ती एक निळी रेघ. रेघ आखणाऱ्यांवरचा राग तसाच आहे.

नुसत्या पाट्यांनी भागत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावाने जानेवारी २०१८ मध्ये सुमारे ६० रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले. न्यायालयाने त्याच वर्षी ते निर्बंध रद्द ठरवले. टिकाऊ उपाय म्हणजे गल्लीच्या मधोमध खांब. मधलं अंतर दीड मीटर ठेवलं तर सायकल, व्हीलचेअर जाते, मोटार नाही. एक खांब कुलपाने काढता येणारा हवा, अग्निशमनासाठी. मग मॅपवर नोंद. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशात खांबाचा बिंदू रस्त्याच्या रेघेवरच टाकायचा. कडेला टाकला तर मार्ग काढणारं सॉफ्टवेअर तो धरतच नाही. आणि खांब नसताना नुसतीच खोटी नोंद करू नका, ती काढली जाते आणि पुढच्या खऱ्या नोंदीवरही शंका येते.

पण त्याआधी मोजा, कारण प्रशासन विचारणार की बाहेरच्या गाड्या किती. कामाच्या दिवशी सकाळचे दोन तास, गल्लीच्या दोन टोकांना दोन माणसं. प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार अंक, मिनिट आणि दिशा लिहायची. दीडशे मीटर जायला अर्धा मिनिट पुरतो, सिग्नलची रांग धरून पाच मिनिटं द्या. तेवढ्यात तोच नंबर दुसऱ्या टोकाला दिसला तर ती गाडी नुसती आरपार गेली. घड्याळं आधी जुळवून घ्या, नाहीतर जोड्या लागत नाहीत. ज्यांना आपल्या गल्लीत करायचंय त्यांनी खाली लिहा, नोंदीचा तक्ता मी पाठवते.