धोका पातळी : घोटा

आमची बोट नेमकी कुठून गळते, हे बोटीला सोडून अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

२०१९च्या महापुरात कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली. पाणी ओसरल्यावर आमच्या तालमीला साक्षात्कार झाला, की आपल्याकडं डॉल्बी आहे, पण बोट नाही. मग कोकणातून एक फायबरची बोट आली, मासेमारीतून निवृत्त झालेली. दर मे महिन्यात ती माझ्या परड्यात मुक्कामाला असते, कारण परडं फक्त माझ्याकडं आहे. नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. बोटीची इशारा पातळी अंगठा, धोका पातळी घोटा.

"डांबर फासा," शेजारचे आण्णा म्हणाले. त्यांच्याकडं प्रत्येक आजारावर डांबरच असतं. तालमीतली पोरं तळावरच्या एका लांबलचक भेगेवर बोट ठेवून मोकळी झाली. "दादा, हितंच हाय बघा!"

फायबरच्या बोटीची गोची अशी, की पाणी पुढं नाकाशी शिरतं, दुहेरी तळाच्या पोकळीतून गुपचूप मागं येतं आणि इंजिनाखाली डबकं करून बसतं. ओली जागा दिसते ती निर्दोष असू शकते. म्हणून उलटं करायचं : पाणी आत भरायचं आणि बाहेर कुठून येतंय ते बघायचं. तेही बेतानं. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, काठोकाठ भरलं तर टेकू दिलेल्या जागी तळच दबतो. टायरांवर बोट चढवून वीतभर पाणी सोडलं, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पिण्याचं पाणी पुरवून पुरवून वापरतोय आपण, आणि तुम्ही ते बोटीला पाजताय?"

थेंब नीट दिसावा म्हणून पाण्यात जोतिबाचा उरलेला गुलाल कालवला. आण्णांनी "चांगभलं" म्हणून हात जोडले. थोड्या वेळानं तळाच्या बुचाशी एक गुलाबी थेंब लोंबला, वॉशर वाळून कडक झाला होता. मग इंजिन धरणाऱ्या बोल्टांपाशी दुसरा, तिसरा. पोरांची लाडकी भेग कोरडी ठणठणीत! फक्त वरचा चकचकीत थर तडकलेला.

बोल्टांपाशी रुपयाच्या नाण्यानं ठोकून बघितलं. फायबर धड असेल तर 'टण्ण', आतलं प्लायवूड कुजलं असेल तर 'ढब'. ढब, ढब, ढब. मग गल्लीतल्या प्रत्येकानं ठोकून घेतलं. काहींनी दोनदा.

उद्यमनगरातून एक फायबरवाला आणला. गाड्यांचे बंपर आणि देवळांची शिखरं दोन्ही करणारा, त्यामुळं बोट त्याला मधलीच गोष्ट वाटली. त्यानं कुजलेलं लाकूड खरवडून नवं बसवलं आणि कडा ग्राइंडरनं लांबवर उतरत्या घासल्या, कारण काचेच्या धाग्यांची नवी मॅट धरायला जाडीच्या बारापट तरी उतार लागतो. ॲसिटोननं पुसलं. मॅटचा तुकडा, रेझिन, परत मॅट, आणि मधली हवा रोलरनं पिळून बाहेर. आमच्या पोरानं उत्साहात रेझिनच्या एका मगमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर सढळ हातानं ओतला. मे महिन्याचं ऊन! मगातलं रेझिन धुरलं, तापलं आणि दगड झालं. "मिसळ हाय काय ती, कट वाढायला?" फायबरवाला ओरडला.

घासलेल्या काचेची पूड मनगटापासून मानेपर्यंत अशी चावते, की माणूस भिंतीला पाठ घासतो. आधी गार पाण्यानंच धुवायचं, चोळायचं नाही. बायकोनं माझे कपडे मशीनच्या जवळपासही फिरकू दिले नाहीत.

जूनमध्ये पहिला पाऊस कोसळला. सकाळी बघतो तर बोटीत निम्म्यापर्यंत पाणी. आण्णा कुंपणावरून म्हणाले, "म्हटलं नव्हतं काय? डांबर!"

वाकून बोटीखाली हात फिरवला. टायरसुद्धा कोरडे होते.

"आण्णा, हे वरनं आलंय. खाली एक थेंब गेला नाही."

आण्णांनी बोटीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "मग वर पत्रा घाल," म्हणाले, "आणि पत्र्याला डांबर."