जर्मनीहून आलेल्या दादांच्या एका स्टारला परभणीचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, म्हणून चार दिवस उत्तर दिलं नाही. आता देतो. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. जर्मनीतल्या शिकार परवान्याच्या परीक्षेसाठी नेम शिकायला दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आमच्या हवेच्या बंदुकीच्या रेंजवर आलात आणि सहा दिवसांचे 2400 रुपये भरले. पहिले दोन दिवस एकही छर्रा मारू दिला नाही. टेकू म्हणून बांबूची काठी दिली. हरणाचं छापील चित्र आणलं होतं, ते लावू दिलं नाही. हरणाचं नाव काढताच मी पोलिसासारखी चौकशी केली. चौथ्या दिवशी पाऊण तास बसवून ठेवलं. आमच्या पोरानं पोटावरून टोमणा मारला. चहाचेसुद्धा पैसे घेतले. शेवटी तुम्ही लिहिलंय, “जगात जर्मनी, भारतात परभणी हे म्हणायलाच ठीक.”

आमची चूक आहे तिथून सुरू करतो. चौथ्या दिवशी हवेचा सिलिंडर संपलेला होता आणि ते आदल्या संध्याकाळी बघायचं काम माझं होतं. मग हातपंपानं हवा भरावी लागली. ज्यानं तो पंप मारलाय त्याला माहीत आहे, दोनशे बारपर्यंत नेताना खांदे निघून येतात. तुम्ही पाऊण तास लिहिलंय, आमच्या वहीत पन्नास मिनिटं आहेत. त्या दिवसाचे 400 रुपये तुम्ही ज्या नंबरवरून भरले होते त्यावर परत पाठवलेत. पोटाचं जे बोलला तो पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला समज दिली. त्याचं बोलणं चुकलं हे कबूल. पण पोट पुढं असलं की कोपर टेकवायला जागा बदलावी लागते, हे सांगणं गरजेचं होतं. मी ते नीट शब्दांत सांगायला हवं होतं, तेही माझ्याकडून राहिलं.

आता दोन दिवस छर्रा का दिला नाही, ते.

तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा म्हणालात, “मला उभं राहून, काठीला टेकवून मारायची प्रॅक्टिस पाहिजे. तिकडं परीक्षेत शंभर मीटरवरच्या हरणाच्या चित्रावर तसंच मारावं लागतं, आणि पुढं जंगलात तर झोपून मारायला गवतातून दिसतच नाही.” मागणी अगदी चोख होती. इथं येणाऱ्या बहुतेकांना आपल्याला काय शिकायचंय हेच सांगता येत नाही. पण तुमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की काठी मिळाली म्हणजे बंदूक स्थिर झाली. फौजेत असताना मलाही तसंच वाटायचं.

एक काठी बंदुकीचं वर-खाली होणं अडवते, डावं-उजवं अडवत नाही. काठीचं टोक जमिनीत एका जागी असतं आणि वरचं बेचकं त्या टोकाभोवती झुलतं, जसं जागलीच्या माळ्यावर उभं राहिलं की आपण वाऱ्यानं झुलतो. ते झुलणं हातांनी थांबत नाही, पायांनी थांबतं. दोन पाय आणि काठीचं टोक यांचा जमिनीवर त्रिकोण झाला पाहिजे. वजन थोडं पुढं घ्यायचं, पण काठीवर रेलायचं नाही. रेललं की काठी घसरते नाहीतर वाकते. डाव्या हाताच्या मुठीत बेचकं आणि बंदुकीचं पुढचं लाकूड दोन्ही एकत्र धरायचं. नळी काठीला टेकवायची नाही, कारण नळीला काही लागलं की मार सरकतो. उजवं कोपर हवेत लटकत ठेवायचं नाही.

मग डोळे मिटायला सांगितले होते, आठवतंय? त्यावर तुम्ही लिहिलंय, “योगासनाचा क्लास वाटला.” नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. साइट, म्हणजे बंदुकीवरची नेमाची खूण, गोलावरून सरकलेली दिसली तर तुमचं शरीर दुसरीकडं बघतंय आणि हात त्याला ओढून धरतायत. अशा वेळी बंदूक हलवायची नाही, पाय हलवायचे. पहिल्या दिवशी तुमची साइट प्रत्येक वेळी उजवीकडं जात होती. तुम्ही ती हातानं परत आणत होता, मी तुमचा डावा पाय चार बोटं मागं घेत होतो. संध्याकाळपर्यंत ती जागेवर राहायला लागली. त्या दिवसाचं काम तेवढंच होतं आणि ते झालं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या बंदुकीचा चाप. यावर कुणी पैसे द्यायला तयार नसतं हे मला माहीत आहे. पण छर्रा असला की माणूस भोक बघतो, आणि रिकामी असली की चाप दाबतानाचा धक्का बघतो. तुम्ही चाप दाबत नव्हता, हिसका मारत होता. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, सावकाश दाबायचं. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर बंदूक खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. तुम्ही एकदा वीस सेकंद धरून बसलात आणि म्हणालात की काठी आहे ना. अहो, काठी थकत नाही, डोळा थकतो.

याचा पुरावा तुम्ही छर्रे मारलेल्या निशाण्याच्या कार्डांवर आहे. सगळी कार्डं जपून ठेवलीत, पाहिजे तर फोटो पाठवतो. तिसऱ्या दिवशीचं पहिलं कार्ड, दहा छर्रे, एक काठी: भोकं वर-खाली 9 मिलिमीटरमध्ये आणि आडवी 31 मिलिमीटरमध्ये. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी एका ओळीत. आमची रेंज दहा मीटरची, तुमचं हरीण शंभर मीटरवरचं. कोन तोच धरला तर दहापट करायचं, म्हणजे 31 सेंटीमीटर. तुम्ही सांगितलेलं ते ‘रे’ जातीचं हरीण आपल्या शेळीएवढं. त्यात हृदय आणि फुप्फुसाची जागा म्हणून आपण दहा सेंटीमीटरचा गोल धरला होता, म्हणूनच इथं एक सेंटीमीटरचा गोल चिकटवला. त्या पहिल्या कार्डात गोलाच्या आत तीन छर्रे होते. उरलेल्या सातांचं तिथं काय झालं असतं? पोटात, पायात, नाहीतर हवेत. पोटात लागलेलं जनावर जागेवर पडत नाही. तिकडं जखमी जनावराच्या मागावर सोडायला वेगळी शिकवलेली कुत्री असतात, हे तुम्हीच चहा पिताना सांगितलं होतं.

सहाव्या दिवशीचं शेवटचं कार्ड: आडवं 14, उभं 8. दहापैकी सात आत. अजून पुरेसं नाही, पण तीनाचे सात झाले, आणि ते छर्रे वाया घालवून झाले नाहीत.

बांबूबद्दल. तुम्ही म्हणता तिकडं सगळे चार पायांचा टेकू वापरतात. तो बंदुकीला पुढून आणि मागून, दोन्हीकडून उचलून धरतो, त्यामुळं फारच स्थिर असतो. पण त्यावर शिकलेला माणूस टेकू गाडीत राहिला की उघडा पडतो. म्हणून मी आधी एका काठीवर शिकवतो. हे माझं मत आहे, दुसरा प्रशिक्षक उलटं सांगेल आणि तोही चूक नसेल. पाचव्या दिवशी तुम्हाला सायकलच्या ट्यूबनं बांधलेल्या दोन काठ्या दिल्या, त्याचा तुमच्या अभिप्रायात उल्लेख नाही. त्या कैचीत आडवं झुलणं अडतं आणि मागं-पुढं झुलणं राहतं, ते खांद्यानं सांभाळायचं. तुमचं आडवं माप कमी झालं त्यातलं अर्धं श्रेय त्या ट्यूबला आहे, हेही खरं सांगतो.

“हवेची बंदूक म्हणजे खेळणं” असंही लिहिलंय. आमच्या बंदुका 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या, म्हणूनच त्यांना परवाना लागत नाही. जर्मनीत त्या लहान हरणालासुद्धा शंभर मीटरवर किमान 1000 ज्यूल ताकद लागते असा कायदा आहे. तेव्हा खांद्याला बसणारा दणका, काठीवरून उडणारी नळी, वारा हे काहीही मी इथं शिकवू शकत नाही. तसं मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. पाय, श्वास आणि चाप मात्र दोन्हीकडं सारखेच. स्पर्धेत उभ्यानं मारताना तर काठीही चालत नाही. 2024 साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्य आणलं, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असं तिन्ही मारावं लागतं, तेही पन्नास मीटरवर. आमची लेकरं त्या उभ्या अवस्थेसाठी महिनोन्‌महिने रिकामी बंदूक धरून उभी राहतात. त्यांच्या आयांनी अजून एक स्टार दिलेला नाही.

आणि आता हरीण. इथं मी माघार घेणार नाही.

हो, मी चौकशी केली. आधार कार्ड तर सगळ्यांचंच नोंदवहीत घेतो, तुमचं एकट्याचं नाही. पण “हरणासाठी प्रॅक्टिस” हे शब्द परभणीत कुणी उच्चारले की मी विचारणारच. आपल्या शिवारात जे कळपानं फिरतं त्याला आपण सरसकट हरीण म्हणतो, ते काळवीट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि शिकार केली तर किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद. तुम्ही तिकडं परवाना काढून, परीक्षा देऊन, हंगामात जाणार हे कागद दाखवलेत, मला पटलं आणि मी तुम्हाला शिकवलं. त्याच महिन्यात दोन पोरं आली होती, त्यांना “सशासाठी नेम” शिकायचा होता. त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही, हे तोंड बघून ठरवू का?

चित्राचंही तेच. तुमच्या शेजारच्या लेनमध्ये बारा-तेरा वर्षांची लेकरं असतात. त्यांना जर्मनीचं हरीण आणि जिंतूर रोडचं हरीण यातला फरक कागदावर कळत नाही. लेकरू घरी जाऊन सांगणार, आज सरांनी हरणाला मारायला शिकवलं. आणि ज्या घरात ते सांगणार, त्या घरच्या शेतातल्या आखाड्यावर आधीच हरणांवरून डोकं फिरलेलं असतं. माझंही फिरतं. यंदा दीड एकर हरभरा उगवला आणि आठ दिवसांत कळपानं साफ केला. शेंडे खुडले की फुटवा जास्त येतो म्हणतात, पण हरणाला शेंड्याशी थांबायचं कुठं कळतं? वन विभागाकडं नुकसानीचा अर्ज केलाय, पंचनामा झालाय, पैसे यायचेत. बायको म्हणते, घरात एवढ्या बंदुका आणि राखण गोफणीनं करता. हो, गोफणीनंच करतो, तीही आवाजापुरती.

चहाचं म्हणाल तर सहा दिवसांत बारा कप, पाच रुपयांनी साठ रुपये. तो समोरच्या टपरीचा आहे, मी त्यात काही कमवत नाही. ते साठ परत केलेले नाहीत.

परीक्षा वसंतात आहे म्हणालात. तोवर रोज पंधरा मिनिटं घरात, बंदूक नसली तरी झाडूचा दांडा घेऊन, पाय लावून, डोळे मिटून उघडायची सवय ठेवा. डावा पाय चार बोटं मागं, हे विसरू नका. तुमच्या उंचीची खूण केलेली बांबूची काठी ऑफिसात दारामागं ठेवली आहे. विमानात नेता येणार नाही म्हणून तुम्ही सोडून गेलात, पण घरचं कुणी आलं तर देऊन टाकतो.